रगतवाल्या बाई

दाभाडे मॅडम कुणाच्याही घरी गेल्या की आधी स्वयंपाकघरात शिरायच्या. "बसा" म्हटलं तरी बसायच्या नाहीत. "पाणी मीच घेते," म्हणत आत जायच्या आणि ओट्याखाली तेलाचा डबा कुठला आहे ते बघून यायच्या. डब्याऐवजी पिशवी असेल तर ती उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचायच्या. माझ्या लग्नानंतर त्या पहिल्यांदा आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घरी आल्या, तेव्हा सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ठेंगणीशी बाई, केस घट्ट बांधलेले, खांद्याला कापडी पिशवी आणि हातात आमची तळणीची कढई. कढई नाकाशी नेऊन त्यांनी विचारलं, "हे तेल कितव्यांदा तापलंय?"

"कालच्या पुऱ्यांचं आहे," सासूबाई म्हणाल्या. "टाकून थोडंच द्यायचं?"

"टाकू नका. दिव्याला वापरा. पोटात नको."

सासूबाई ते शेवटपर्यंत विसरल्या नाहीत. मॅडमचा विषय निघाला की "ती कढई हुंगणारी का?" असं विचारायच्या. पण त्या दिवसानंतर आमच्याकडे तळणीचं तेल पुन्हा कढईत पडलं नाही, हेही खरं.

मॅडम शहरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवायच्या. मी त्यांच्याच विभागात, त्यांच्या हाताखाली नोकरीला लागले. मला त्या पहिल्या दिवसापासून "वंदना" आणि "तू" म्हणाल्या आणि माझ्या डब्यात डोकावून "भाजीला रंग छान आलाय, पण तेल वर तरंगतंय," असंही म्हणाल्या. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. त्याविषयी कुणी विचारलं तर म्हणायच्या, "राहून गेलं." एखादी वस्तू बाजारातून आणायची राहून जावी तसं.

त्यांचं संशोधन रक्तातल्या चरबीवर होतं. रक्तातली चरबी म्हटलं की लोकांना कोलेस्टेरॉल एवढंच ठाऊक असतं. मॅडम म्हणायच्या, ते म्हणजे घरात माणसं किती आहेत एवढंच मोजण्यासारखं झालं. कोण आहेत, कुठून आली, एकमेकांशी कशी वागतात, ते त्यातून कळत नाही. त्यांना ती चरबी कोणकोणत्या मेदाम्लांची, म्हणजे फॅटी ॲसिडची, बनली आहे ते बघायचं असे. आपण जे तेल खातो, ते हळूहळू तांबड्या पेशींच्या पातळ आवरणात जाऊन बसतं. यंत्रात तो नमुना घातला की कागदावर उंचसखल सुळक्यांचा आलेख उमटतो. एखादा सुळका पामतेल खाणाऱ्यांत उंच असतो, एखादा करडीचं तेल खाणाऱ्यांत. वनस्पती तुपाचा माग लागतो. जवस खाणाऱ्यांचा एक बुटका सुळका असतो, तो शोधावा लागतो. मॅडम आलेख हातात घेऊन त्या माणसाच्या घरातला स्वयंपाक सांगायच्या आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं.

"माणूस लाजेपायी खोटं सांगतो," त्या म्हणायच्या. "तांबड्या पेशीला लाज नसते."

एकदा यंत्र तपासायला म्हणून आमच्या विभागप्रमुखांनी स्वतःचं रक्त दिलं. घरी साजूक तुपाशिवाय काही चालत नाही, असं ते सगळ्यांना ऐकवायचे. आलेख आल्यावर मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, "सर, खारी कुठल्या बेकरीतून आणता?" सर पुढे बरेच दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलत होते. मॅडमना आपण काही वावगं बोललो असं वाटलंच नव्हतं. खरं ते सांगायचं आणि ऐकणाऱ्यानं ते ऐकून सुधारायचं, इतका साधा हिशोब त्यांच्या डोक्यात होता.

त्यांचं बालपण वैजापूरजवळच्या एका खेड्यात, बौद्ध वस्तीत गेलं. वडील वैजापूरच्या मोंढ्यात हमाल होते, कांद्याची पोती उचलायचे. एका सकाळी छातीत कळ आली म्हणून पोत्याला टेकून बसले, ते उठलेच नाहीत. तेव्हा मॅडम शाळेत होत्या आणि धाकटा भाऊ मिलिंद चालायला शिकत होता. मोठा चुलता पुढे तसाच गेला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही नमुने मोजता मोजता, मान वर न करता. त्यानंतर त्यांच्या कामाबद्दल मी कधी थट्टा केली नाही.

कॉलेजात त्या सावकाश, पुस्तकी बोलायच्या. पण वैजापूरच्या रस्त्याला जीप लागली की जीभ बदलायची. "लई उशीर झाला," "तिथं थांब जरा," असं सुरू व्हायचं. त्या भागातल्या चार गावांत त्यांचं काम चालू होतं. एक भाऊ गावात राहिलेला आणि एक भाऊ शहरात कंपनीला लागलेला, अशी घरं त्यांनी हुडकून काढली होती. दोघांचं रक्त घ्यायचं, दोघांचं खाणं विचारायचं. आई एक, बाप एक, फक्त ताट वेगळं. त्या ताटानं रक्तात काय फरक पडतो, ते त्यांना बघायचं होतं.

रक्त उपाशीपोटी घ्यावं लागतं, म्हणून आम्ही पहाटेच निघायचो. रफिकभाई जीप चालवायचे. ते आमच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, पण मॅडमबरोबर जायचं म्हटलं की ड्रायव्हरला बाजूला सारून स्वतः बसायचे. गावात पोरं ओरडत पुढे पळायची, "रगतवाल्या बाई आल्या." मॅडमना ते नाव आवडायचं.

सुरुवातीला कुणी सुई टोचून घ्यायला तयार नव्हतं. रक्त विकतात, अशी आवई उठली होती. तेव्हा गयाबाई नावाची एक म्हातारी पुढे आली आणि पोलक्याची बाही वर सारून पाटावर बसली. "घ्या. मह्यात कितीक ऱ्हायलंय ते बी कळंल." तिच्यामागून गाव आलं. तिचा मुलगा दत्तू टेम्पो चालवायचा. दांडगा माणूस, पण सुईला भ्यायचा. डोळे मिटून त्यानं रक्त दिलं आणि मग म्हणाला, "बाई, मह्या रगतात काय निघतंय ते मला आधी सांगा. मव्हा बाप बी अचानकच गेला."

"तुलाच आधी सांगते," मॅडम म्हणाल्या.

चारही गावांचे नमुने आमच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या डीप फ्रीजरमध्ये ठेवले होते. यंत्र बिघडलेलं होतं, दुरुस्तीचा माणूस पुण्याहून यायचा होता. तो दिवाळीनंतर येणार होता. दिवाळीच्या सुट्टीत त्या इमारतीची वीज गेली. जनरेटर होता, पण त्यात डिझेल नव्हतं. फ्रीजरची घंटा वाजत राहिली असणार. कुणीतरी कंटाळून तिची वायर काढून ठेवली होती. ती कुणी काढली, ते कधीच कळलं नाही.

सुट्टी संपल्यावर आधी रफिकभाई आत गेले. बाहेर येऊन दाराशीच उभे राहिले. "मॅडम, आप अंदर मत जाओ," म्हणाले. "फ्रीजर बंद पडेला है. सब खराब हो गया."

मॅडम आत गेल्या. खोलीत वास भरला होता. मला वाटलं, त्या ओरडतील, कुणालातरी फैलावर घेतील. त्यांनी माझ्याकडे हातमोजे मागितले आणि एकेक नळी बाहेर काढून, वरचं नाव वाचून बादलीत टाकू लागल्या. मी म्हटलं, "मॅडम, हे रफिकभाई करतील." त्यांनी ऐकलं नाही. संध्याकाळपर्यंत त्या नावं वाचत होत्या.

विभागप्रमुख म्हणाले, "पुन्हा जाऊन नमुने घ्या. दुसऱ्या टप्प्याचे आहेत म्हणावं. पहिले वाया गेले, हे गावकऱ्यांना सांगायची काही गरज नाही. त्यांना काय कळतंय."

"सर, त्यांनी मला रक्त दिलंय," मॅडम म्हणाल्या. "चहा नाही दिला."

आम्ही चारही गावांत गेलो. प्रत्येक ठिकाणी मॅडम ग्रामपंचायतीच्या ओसरीत उभ्या राहायच्या आणि सांगायच्या, की तुमचं रक्त आम्हाला सांभाळता आलं नाही, ते नासलं, चूक आमची आहे. लोक जमिनीकडे बघत ऐकायचे. कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. एका गावात एकजण म्हणाला, "मग परत घ्या की. रगत काय इकत आणायचंय." दुसऱ्या गावात काही घरांनी दारंच उघडली नाहीत.

गयाबाईच्या गावात ती ओसरीत दिसली नाही. आम्ही तिच्या घरी गेलो. ती दाराशी तूर पाखडत बसली होती. आम्हाला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं. तिच्या सुनेच्या कपाळावर कुंकू नव्हतं, ते मी आधी पाहिलं, मॅडमनी नंतर.

दत्तू दिवाळीच्या थोडं आधी गेला होता. टेम्पो रस्त्याच्या कडेला नीट उभा करून, हातब्रेक लावून, स्टिअरिंगवर डोकं ठेवून. मागून येणाऱ्यांना वाटलं, झोपलाय.

गयाबाई रडत नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "बाई, त्याच्या रगतात काय निघालं व्हतं?"

मॅडम खाली तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. "बघायचं राहून गेलं, गयाबाई."

गयाबाईला ते पटकन कळलं नाही. मग मॅडमनी सगळं पुन्हा सांगितलं. यंत्र, वीज, नासलेलं रक्त. गयाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "म्हंजी तुमाला बी नाय मालूम."

"नाय."

"मला वाटलं, तुमाला तरी मालूम असंल."

सुनेनं चहा आणला. मॅडम साखरेचा चहा घेत नसत. त्या दिवशी तो गोडमिट्ट चहा त्यांनी खालपर्यंत प्यायला.  परतताना शहर जवळ आल्यावर त्या म्हणाल्या, "वंदना, समजा यंत्र चालू असतं. समजा मी वेळेत त्याला सांगितलं असतं. तेवढ्या दिवसांत मी काय केलं असतं गं? जवस खा म्हटलं असतं?"

 रफिकभाईंनी आरशातून मागे बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागले.

मिलिंदला मी आधीपासून ओळखत होते. आईनंतर त्याला मॅडमनीच वाढवलं, शिकवलं. तो वाळूजला एका कंपनीत लागला होता. मोकळ्या स्वभावाचा, हसरा. मॅडमना "अक्का" म्हणायचा. त्याच्या घरी एकदा मी मॅडमबरोबर जेवायला गेले होते. त्याच्या बायकोनं, सुनीतानं, मटण केलं होतं. वाटीत बोटभर लाल तर्री. मॅडमनी चमच्यानं ती तर्री बाजूला काढायला सुरुवात केली आणि त्याच्या वाटीकडेही हात नेला. मिलिंदनं वाटी ओढून घेतली. हसतच, पण ओढून घेतली.

"अक्का, लहानपणी तेल नव्हतं म्हणून कोरडं खाल्लं," तो म्हणाला. "आई पळीला बोट पुसून तव्याला लावायची, तुला आठवतंय. आता माझ्या कमाईचं तेल हाय, तर तू म्हणते खाऊ नको."

मॅडमनी हातातला चमचा ताटाच्या कडेला ठेवला. 

दत्तू गेल्यानंतर मात्र त्या मिलिंदकडे गेल्या आणि त्याच्यापुढे रडल्या. हे मला सुनीतानं सांगितलं. अक्का रडतेय म्हटल्यावर मिलिंद घाबरला. "तू रडू नको. काय खायचं ते सांग, खातो," म्हणाला. आणि त्यानं खाल्लं. त्याच्या घरात घाण्याचं करडीचं तेल आलं, तेही मापून. जवसाची चटणी रोज. बुधवारी मासे. बेकरी बंद, हॉटेल बंद, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये बाकीचे भजी खायचे तेव्हा हा घरचा डबा उघडायचा. मित्रांनी त्याचं नाव "पेशंट" ठेवलं होतं. रविवारी सकाळी तो हर्सूलला मॅडमच्या घरी यायचा आणि दोघं बहीणभाऊ तलावाच्या बाजूनं चालायची. अधूनमधून मॅडम स्वतः त्याचं रक्त घ्यायच्या.

त्याचा आलेख दर खेपेला सुधारत गेला. नको ते सुळके खाली आले, जवसाचा बुटका सुळका वर आला. कोलेस्टेरॉल, साखर, रक्तदाब, सगळं जिथल्या तिथं. मॅडम तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी यायच्या. एखाद्या आईनं मुलाची गुणपत्रिका दाखवावी तसा तो माझ्यापुढे धरायच्या. "बघ, कसं रक्त आहे. पुस्तकात छापावं असं." त्या वर्षांत त्या जरा मऊ झाल्या होत्या. वर्गात विद्यार्थ्यांना म्हणायच्या, "वडिलांकडून आलेलं सगळंच घ्यायला पाहिजे असं नाही."

एका सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत उभा असताना मिलिंद खाली कोसळला.

मॅडम वर्गात होत्या. निरोप घेऊन रफिकभाई वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले. मॅडमनी खडू ठेवला आणि चालू लागल्या. मी त्यांना रिक्षातून घेऊन गेले. वाटेत त्या एकदाच बोलल्या. "आलेख मागच्याच महिन्यातला आहे," म्हणाल्या. "चांगला आहे."

दवाखान्यातला डॉक्टर त्यांचाच जुना विद्यार्थी होता. तो त्यांच्याकडे न बघता सांगत होता. हृदयाच्या नळ्या भरून गेल्या होत्या, हे आजचं नाही, खूप जुनं असणार, काही घराण्यांत असतं.

"त्याचे रिपोर्ट चांगले होते," मॅडम म्हणाल्या.

"हो मॅडम. तरी होतं." मग थांबून तो म्हणाला, "तुम्हीच शिकवलं होतं मॅडम. सगळं खाण्यात नसतं."

"मी शिकवलं होतं?" त्यांनी विचारलं. खरंच आठवत नसल्यासारखं.

मिलिंद गेला तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. वडील गेले तेव्हा त्याच वयाचे होते की थोडे लहान, याचा मेळ घरात कुणाला लागेना. तेव्हा वयं कोण लिहून ठेवत होतं.

मॅडम काही दिवसांनी कामावर आल्या. वरवर बघणाऱ्याला फरक कळला नसता. पण मेदाम्लांचा धडा त्यांनी माझ्याकडे दिला. तास संपल्यावर एखादी मुलगी विचारायची, "मॅडम, नेमकं कोणतं तेल चांगलं?" त्यावर त्या म्हणायच्या, "वंदना मॅडमना विचार." चार गावांतून दुसऱ्यांदा आणलेल्या नमुन्यांचे आलेख तयार होते; त्यावर निबंध लिहायचा बाकी होता. मी लिहायला बसू का, असं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्या "बघू" म्हणाल्या. कुणाच्या घरी गेल्या तर आता बैठकीतच बसायच्या. समोर येईल ते खायच्या, चवीकडे लक्ष न देता.

एकदा आम्ही दोघी प्रयोगशाळेच्या जिन्यात भेटलो. त्या वर येत होत्या, मी खाली जात होते. मध्येच थांबून त्या म्हणाल्या, "त्याला पुरणपोळीवर तूप लागायचं. लई लागायचं. मी एक चमचा द्यायचे." मग त्यांनी हातानं दाखवलं. "वर शीग राहू नये म्हणून चमचा बोटानं सपाट करायचे. तो बघत असायचा. काही म्हणायचा नाही."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि वर गेल्या.

"तुम्ही केलंत म्हणून तो इतकी वर्षं तरी राहिला," असं त्यांना सगळे सांगत होते. मीही सांगितलं. त्या ऐकून घ्यायच्या. हे खरं असेल किंवा नसेल, हे आमच्या सगळ्यांपेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक होतं. एका माणसाच्या बाबतीत ते कधीच कळत नाही. त्यासाठी त्याच माणसाला पुन्हा, दुसरं काही खाऊन, जगून बघावं लागतं.

मिलिंदला जाऊन वर्ष झाल्यावर त्याच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. मी गेले. त्यानंतर महिन्याभरात मॅडमनी नोकरी सोडली आणि त्या वैजापूरकडे राहायला गेल्या. फोन लावला तर वाजत राहतो. दोनदा गेले तर घराला कुलूप होतं. म्हणजे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या कार्यक्रमाच्या दिवशी.

बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. मिलिंदची दोन्ही मुलं बाहेरच्या खोलीत मोबाईल बघत बसली होती. थोरल्याची उंची वाढली होती आणि उभं राहायची लकब बापासारखी झाली होती. मी निरोप घ्यायला आत गेले. सुनीता उरलेली खीर डब्यात काढत होती. मॅडम ओट्याला पाठ लावून खाली बसल्या होत्या आणि धुतलेली ताटं पुसून एकावर एक ठेवत होत्या.

सुनीता म्हणाली, "अक्का, उद्या किराणा भरायचाय. तेल संपलंय. पोरांना आता कोणतं आणू?"

मॅडम ताट पुसत राहिल्या.

सुनीताला वाटलं, ऐकू गेलं नाही. ती जरा जवळ आली. "घाण्याचंच आणू का दुसरं काही? तुम्ही म्हणाल ते आणते. थोरल्याचं रक्त पण एकदा बघायचं म्हणत होतात तुम्ही."

"पोरांना काय आवडतं?" मॅडमनी विचारलं.

"त्यांच्या आवडीचं काय घेऊन बसलात. तुम्ही सांगाल ते खातेत."

मॅडमनी ताट खाली ठेवलं. त्या बाहेरच्या खोलीकडे बघत होत्या, जिथून मुलांच्या हसण्याचा आवाज येत होता. मग सावकाश, गावाकडच्या बोलीत म्हणाल्या, "मला नाय मालूम गं."

मी दाराशी येऊन चपला घातल्या. मागे वळून बघितलं. मॅडमनी पुढचं ताट मांडीवर घेतलं होतं. सुनीता हातात डबा घेऊन त्यांच्यापुढे तशीच उभी होती. त्यांनी काहीतरी सांगावं, म्हणून ती अजून थांबली होती.